मोज्याचा हत्ती

दातांच्या दवाखान्यात नणंद-भावजय नंबर लावून बसल्या होत्या. काउंटरवरच्या मुलीने कान टवकारले.

"वन्सं, चॅनलवाल्यांचा फोन आला होता. आपला मुलांचा कार्यक्रम परत सुरू करू म्हणतात."

"आपली कंपनी गिळली तेच ना?"

"तेच. सेट नेला, गाणी नेली. मोज्याचा हत्ती तेवढा फाटका म्हणून आपल्याकडे टाकून गेले."

"मग आता काय अडलं?"

"त्यांनी नवा केला, मखमलीचा. मुलं ढुंकून बघेनात. आता म्हणतात, तुमच्या सगळ्या अटी मान्य."

"तू काय म्हणालीस?"

भावजयीने पर्समधून मोजा काढून हातात चढवला. सोंड डुलली.

"म्हटलं, मालकांना विचारून सांगते."

काउंटरवरच्या मुलीने पुढचा नंबर पुकारायचं सोडून, लहानपणी टीव्हीपुढे करायची तसा, मालकांना टाटा केला.