सोडू नका, अजून वर जायचंय

नाही, पण मी त्या लोकांना काही सांगायला गेलो होतो का? तुम्हाला सांगतो, मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस, एकवीस वर्षं तेच करतोय, आणि शेअर बाजारातलं मला एवढंच कळतं की तिथेही दिवसभर वर-खाली चालू असतं, फक्त दुरुस्तीला कुणाला बोलवत नाहीत! माझ्याकडे पंप बनवणाऱ्या एका कंपनीचे दहा शेअर, तेही मेव्हण्याने गळ्यात मारलेले, आणि त्यानेच मला फोनवर त्या ग्रुपमध्ये घातलं, जिथे रोज कुणीतरी एका कंपनीवर लिहितं आणि खाली दीडशे लोक कमेंटमध्ये एकमेकांची अक्कल काढतात. मी नुसता वाचायचो. टोपणनाव लागतं म्हणून 'चौथा मजला' घेतलं, कारण तेव्हा मी चौथ्या मजल्यावर उभा होतो. आता यात माझं काय चुकलं?

तर मंगळवारी मी एका इमारतीत लिफ्टच्या टपावर, हात ग्रीसने काळे, आणि माझे जोडीदार वर मशीनच्या खोलीत. आम्ही एरवी ओरडून बोलतो, पण तिसऱ्या मजल्यावरच्या बाई बाहेर आल्या, म्हणाल्या, "आत्ताच बाळ झोपलंय हो, जरा हळू." मग काय, मेसेज. जोडीदारांनी विचारलं, "झालं का? लिफ्ट सोडू?" मी अंगठ्याने टाइप केलं, "सोडू नका. अजून वर जायचंय. मी सांगेन तेव्हाच सोडा." आणि पाठवलं... कुठे? तर त्या ग्रुपवर! पंपवाल्या कंपनीच्या पोस्टखाली, जिथे कुणीतरी नेमकं विचारलं होतं, "ठेवू की सोडू?"

जोडीदार वयाने मोठे आणि डोक्याने शांत. उत्तर आलं नाही म्हणून त्यांनी कशालाही हात लावला नाही, म्हणून मी आज तुमच्यासमोर धडधाकट उभा आहे. आणि तिकडे ज्यांना मी ओळखतही नाही, त्यांनी माझ्या एका वाक्यावर शेअर धरून ठेवले. बरं, मला हे दुपारी डबा खाताना कळलं. फोन उघडतो तर एक म्हणतोय, "सर मोजकं बोलतात, पण आतली खबर असल्याशिवाय बोलत नाहीत." दुसरा म्हणतोय, "'मी सांगेन तेव्हाच'... काय तो आत्मविश्वास." आणि शेअर तेवढ्यात खरंच वर गेला होता. बुधवारी अजून वर. गुरुवारी अजून. आता यात माझं काय चुकलं?

थांबा, इथे चुकलं. इथे मात्र माझंच चुकलं, लपवत नाही. गुरुवारी कुणीतरी विचारलं, "सर, टार्गेट काय?" आणि मी, जो घरी भाजी कुठली आणायची हे विचारल्याशिवाय आणत नाही, त्या मी लिहिलं, "धीर धरा." पहिलं चुकून गेलं होतं हो, पण हे दुसरं मी नीट हात धुऊन, चष्मा लावून लिहिलं. काय करणार? एकवीस वर्षांत मला कुणी सर म्हटलं नव्हतं. लोक लिफ्टमध्ये अडकले की "अहो मिस्तरी" म्हणतात आणि सुटले की ओळखही दाखवत नाहीत.

शुक्रवारी शेअर घसरला. फार नाही, पण घसरला. आणि संध्याकाळी एक खासगी मेसेज आला. नाव, 'निवृत्त सिस्टर'. "दादा, मी मंगळवारी विकणार होते. तुमचं वाचून ठेवले. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठीचे पैसे आहेत. सोमवारी ठेवू की विकू? तुम्ही म्हणाल तसं." तुम्ही म्हणाल तसं! लिफ्ट दोन इंच सटकावी तसं झालं मला. फक्त लिफ्टला खाली ब्रेक असतो, इथे मीच ब्रेक.

रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर, आणि शनिवारी सकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला आहे. तिने चहा गाळता गाळता ऐकलं आणि म्हणाली, "अहो, आमच्याकडे एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला गेला तर आम्ही काय करतो? लगेच फोन करतो. पेशंट बरा होतोय का, याची वाट बघत नाही बसत."

मी लिहिलं. सगळं लिहिलं. लिफ्ट, ग्रीस, बाळ, जोडीदार, आणि शेवटी, "मला शेअरमधलं काहीही कळत नाही. क्षमा असावी." पाच मिनिटांत साठ उत्तरं. "सर आपली परीक्षा बघतायत." "कच्च्या लोकांना बाहेर काढायची युक्ती आहे ही." एकाने तर माझ्या कबुलीचा अर्थ लावला, 'बाळ झोपलंय' म्हणजे म्हणे बाजार अजून जागा झालेला नाही! मी परत लिहिलं, "अहो, खरंच बाळ झोपलं होतं." तर उत्तर आलं, "कळलं सर." आता खरं सांगण्यात माझं काय चुकलं?

बाकीच्यांचं राहू दे, पण सिस्टर? मी नंबर मागितला आणि रविवारी दुपारी फोन केला. आवाज एकदम शांत, वॉर्डातला. "सगळे म्हणतायत तुम्ही मुद्दाम असं सांगताय."

"नाही हो सिस्टर, मी खरंच लिफ्टवाला."

"सदतीस वर्षं पेशंट बघितलेत मी. औषध न घेता घेतलं म्हणणारा तोंडावरून कळायचा मला. पण फोनवर तोंड कुठे दिसतंय?" मग म्हणाल्या, "आमच्या लिफ्टचं दार लागायला येतं आणि परत उघडतं. पाच मजले चढते मी या गुडघ्याने. काय झालं असेल?"

"दाराखालच्या पट्टीच्या खाचेत काहीतरी अडकलं असेल. पण तुम्ही हात घालू नका. वॉचमनला आधी लिफ्ट बंद करायला सांगा, मग त्याला काडीने काढू दे."

"फोन ठेवू नका," म्हणाल्या, आणि गेल्या. तुम्हाला सांगतो, दहा मिनिटं मी फोन कानाला लावून उभा. एक एक पायरी ऐकू येतेय, पाय टेकला की श्वास, टेकला की श्वास... मग कुणा पुरुषाचा आवाज, काहीतरी खरवडल्याचा आवाज, आणि मला घाम. कारण खाचेत काही नाही निघालं तर? मग मी लिफ्टवालाही नाही आणि सरही नाही!

"हेअरपिन निघाली," सिस्टर म्हणाल्या.

"दार लागलं?"

"लागलं. म्हणजे तुम्ही खरंच लिफ्टवाले."

"हो."

"आणि शेअरमधलं काही कळत नाही."

"काही नाही."

"उद्या बाजार उघडला की विकते," म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

सुटलो म्हणता? छे. सोमवारी नवाच घोर. त्यांनी विकले आणि तो शेअर वर गेला तर? तेही माझ्याच सांगण्यावरून! सकाळभर लिफ्टच्या टपावर बसून दर पाच मिनिटांनी फोन बघतोय, शेवटी जोडीदारांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि स्वतःच्या खिशात टाकला. दुपारी परत दिला. सिस्टरांचा मेसेज होता, "विकले. थोडे कमी आले, पण ऑपरेशनपुरते आहेत." आणि त्याखाली ग्रुपवर नुसती बोंब, कारण जेवणाच्या सुट्टीपर्यंत शेअर धाडकन आपटला होता. सिस्टर वाचल्या म्हणून हायसं वाटलं आणि दुसऱ्याच क्षणी त्या साठ जणांची आठवण होऊन डबा तसाच बंद केला.

आणि ते साठ जण चिडले कुणावर? माझ्यावर! शेअर पडला म्हणून नाही. एकाने लिहिलं, "तुम्ही खरं सांगत होतात तर नीट पटेल असं का नाही सांगितलंत?" दुसरा म्हणाला, "एवढे तपशील कोण देतं? बाळ कशाला आणायचं मध्ये?" वाद वाढत गेला तसा ग्रुप चालवणाऱ्या गृहस्थाने, बिचारा सभ्य माणूस, मला काढून टाकलं नाही. फक्त माझ्या नावाखाली कायमची एक लाल पट्टी लावली, "या सभासदाच्या मताला कुणीही महत्त्व देऊ नये."

मी फोन तसाच बायकोपुढे धरला. म्हटलं, बघ, एकवीस वर्षं इमानाने काम करणाऱ्या माणसाची ही किंमत. तिने चष्मा शोधला, लावला, पट्टी दोनदा वाचली, आणि फोन परत देत म्हणाली, "आठ दिवसांत ओळखलं त्यांनी? मला लग्नानंतर दोन वर्षं लागली."