आधी जाऊन जागा धरणारी

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष माननीय उत्तमरावजी, प्रमुख पाहुण्या आणि सुप्रियाला शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या फरहत मॅडम, व्यासपीठावरील मान्यवर, आणि उन्हातान्हाची पर्वा न करता शेलूबाजारच्या या सभागृहात जमलेल्या माझ्या तांड्यातल्या नि बाजारातल्या बंधू-भगिनींनो,

गावात निरोप कुणाचाही असो, भाषण मोहनसिंगचं, अशी रीतच पडली आहे. बदली झालेल्या तलाठ्यापासून निवृत्त पोस्टमास्तरपर्यंत सगळ्यांना मी याच माईकवरून रडवलं. आज मात्र लेक माझी आहे. आवाज अडखळला तर माईकवाल्याला दोष देऊ नका.

डॉ. सुप्रिया, म्हणजे आमची सुपी, कर्करोगावर संशोधन करते आणि परवा परदेशी निघाली आहे. ती नेमकं करते काय, असं माझ्याकडून भाजी घेताना सगळेच विचारतात. मला समजलं तेवढं सांगतो. चुकलो तर ती समोर बसलीच आहे, डोळे वटारेल.

अँटिबॉडी नावाचा एक कण असतो. त्याला रोगाची पेशी गर्दीतही ओळखू येते. म्हणून त्याच्यावर किरणांचं औषध लादून पाठवतात. पण हा कण चालीचा मंद. ओझं घेऊन तो रक्तातून फिरत राहतो, आणि तो पोचेस्तोवर किरणं वाटेतल्या चांगल्या पेशींनाही भाजतात. मग करायचं काय?

मंडळी, पोहरादेवीच्या यात्रेला आपण कसे जातो? तिची आई, माझी गिरजा, आदल्या दिवशी रिकाम्या हातानं पुढं जायची. कडुनिंबाखाली जागा धरायची आणि आपली आरशांची ओढणी फांदीला बांधायची. दुसऱ्या दिवशी भांडी, पीठ, पोरंसोरं घेऊन आम्ही रऊफभाईंच्या जीपमधून मागून. चैत्राचं ऊन, डांबरावर पाण्याचा भास, सुपी माझ्या मांडीवर, मी अर्धवट झोपेत. मग त्या गर्दीवर कुठंतरी एक कवडसा हलायचा आणि रऊफभाई ओरडायचे, "थे पाहा, भाभीचा आरसा चमकून राह्यला!" की आम्ही सामान उचलून सरळ त्या झाडाखाली. आजही डोळे मिटले की ती जीप चालत राहते. कवडसा दिसतो, पण तो काही जवळ येत नाही.

तर सुपीचं कामही असंच आहे. अँटिबॉडीला आधी रिकाम्या हातानं पाठवायचं. ती रोगापाशी जाऊन बसली, की किरणांचं ओझं मागून, चपळ वाहनातून, थेट तिच्याच पत्त्यावर. ही कल्पना आपल्या एकटीची नाही, हे सुपी दर वेळी बजावते. उंदरांवर जमलं आहे. माणसांवर जमतं का, ते बघायला ती चालली आहे. मला समजावताना तिनं एवढंच विचारलं होतं, "बा, याडीची ओढणी आठोते ना?" आईला आम्ही याडी म्हणतो.

गिरजाला रक्ताचा कर्करोग झाला, हे आपण जाणता. औषध रोगाला लागलं, पण वाटेत तिलाही जाळत गेलं. शेवटच्या चैत्रात अंथरुणावरून ती एकच विचारायची, "यंदा जागा कोन धरन?"

आता अध्यक्षांच्या परवानगीनं थोडं घरातलं. काल संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता सुपी म्हणाली, "बा, मी नाई जात. तुमी एकटे कसे राहसान?" मी पुढची जुडी बांधायला घेतली. घरात उत्तर दिलं असतं तर ती भांडली असती, आणि भांडणात ती याडीवर गेली आहे. म्हणून उत्तर आज तुम्हा सर्वांच्या साक्षीनं देतो.

बेटा, मला करमणार नाही, हे खरं आहे. तुझी याडी पुढं जायची तेव्हा त्या एका रात्रीतही मला करमायचं नाही. पण ती गेली नसती तर आपण सगळे उन्हातच उभे राहिलो असतो. ही तिची ओढणी. थोडे आरसे गळालेत, बाकीचे चमकतात. सामानात वरच ठेव.

अध्यक्ष महोदय, आपण बोलू दिलंत, सर्वांनी ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. कुणाला मान द्यायचा राहिला असेल, विज्ञान माझ्या तोंडून वाकडं निघालं असेल, तर पोरीला निरोप देणारा बाप म्हणून पदरात घ्या. रऊफभाई, परवा जीप वेळेवर आणा. आणि सुपे, तू जाय. तुले जागा धरा लागते. सामान घेऊन मांगून येणारे लय लोक आहेत.