भट्टीकडची हिरवी झाडं

सौंसर, २१ फेब्रुवारी १९८६

दिवाळीपासून वही उघडली नाही, त्याबद्दल क्षमा. आज भगवंतराव गुरुजींच्या निरोप समारंभात मी बोलले ते आठवतं तसं, पदरचं न घालता उतरवते.

शाळा समितीचे अध्यक्ष दादारावजी, प्रमुख पाहुणे आणि आपल्या शाळेचे शेजारी, वीटभट्टीचे मालक गुणवंतरावजी, आजचे सत्कारमूर्ती भगवंतराव गुरुजी, शिक्षक बंधू-भगिनींनो, पालकहो आणि मुलांनो,

गुरुजींच्या शिस्तीबद्दल आधीचे वक्ते बोलले. मी विज्ञान शिकवते, म्हणून झाडांबद्दल बोलते. निवृत्त होणारा शिक्षक एक झाड लावून जातो, ही आपली रीत. भट्टीकडच्या भिंतीशी ही सगळी झाडं आहेत. आज तिथे काय दिसतं? कडुनिंब, पिंपळ, पुन्हा कडुनिंब. सगळं हिरवंगार. त्याच बाजूला पहिलीच्या मुलांसाठी खोल्या बांधून देण्याचं गुणवंतरावजींनी मोठ्या मनानं कबूल केलं आहे. अक्षय तृतीयेला पायाभरणी आहे. मी धुराचं विचारलं, तेव्हा ते हसून म्हणाले, "बाई, नीम हिरवागार हाये, तं पोट्टे कायले कोमेजतीन?"

प्रश्न रास्त आहे. तो माझ्या डोक्यातून जात नाही.

तिथे आधी काय होतं? शांताबाईंनी निवृत्त होताना आंबा लावला होता. त्याच्या फळांची टोकं काळी पडत. आम्ही म्हणायचो, जमीनच तशी. त्यांच्यानंतर निवृत्त झालेल्या मनोहररावांचा संत्रा पानांच्या कडांकडून करपत गेला. मेलेल्या झाडाच्या जागी आपण दरवेळी टिकणारं झाड लावलं, आणि आता टिकलेल्यांकडे बोट दाखवून म्हणतो, हवा चांगली आहे.

मुलांनो, पानांना खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात. झाड त्यांतून श्वास घेतं. संत्र्याला धूर लवकर बाधतो. कडुनिंब सोसतो, माखलेलं पान टाकतो, नवं काढतो. पण सोसणं म्हणजे सुखरूप असणं का? कडुनिंबाला पान टाकता येतं. पहिलीतल्या पोरानं फुप्फुस कुठे टाकायचं?

माझं चुकत असेल. धुरानंच झालं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. गुणवंतरावजींच्या हेतूवर मी शंका घेत नाही. त्यांचा नातूही त्याच खोल्यांत बसणार आहे.

काल कडुनिंबाचं रोप आणून ठेवलं होतं. गुरुजींनी ते परत पाठवलं. म्हणाले, "संत्र्याचं कलम आणा, बाई. माह्या नावाचं झाड मेलं तं मेलं. पोट्ट्यायच्या आधी त्याले मरू द्या."

अध्यक्ष महाराज, पायाभरणीचा नारळ फोडण्याआधी सर्वांनी त्या कलमाची पानं पाहावीत, एवढीच विनंती. पाणी मी घालीन. पाण्यावाचून वाळलं, असं नंतर कुणी म्हणू नये.

आपण शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. सत्काराच्या मंचावर मरणाचा शब्द आला. तो गुरुजींचा होता, पण इथे मी आणला; बोल मलाच लावावा आणि उदार मनानं विसरून जावा.

टाळ्या थोड्याच वाजल्या. चहाच्या वेळी गुणवंतरावजी माझ्याजवळ आले. नातवाचा हात त्यांच्या हातात होता. मला वाटलं, रागावतील. इकडेतिकडे पाहून हळूच म्हणाले, "कलम माह्या भट्टीमागच्या बगीच्यातलं नोका घेऊ, बाई. तिथले संत्रे औंदा पानं गाळून राहिले."

उद्या: कलम आणायला पांढुर्ण्याला जाणे.