स्वच्छ हवेचा शून्य

— बसा ना वहिनी, उभ्या का? स्टूल पुसलाय मी. पैलवानाचा डबा, चपला, सगळं या पिशवीत आहे. आम्ही त्याला पैलवान म्हणतो — फुंकर मारली तर उडेल असा गडी, म्हणून! — डोळे उघडले का त्यानं? नाही? चौथा दिवस ना आज... आणि ऑफिसात काय सांगितलं तुम्हाला? मीटर ठीक होता, त्यालाच चक्कर आली, शिडीवरून पडला? हां. म्हणून मला विचारायला आलात. बरोबर आहे, मीटर मीच तपासतो, सहीसुद्धा माझीच.

हा बघा, तोच मीटर. खिशाला लावायचा. आत एक डबी आहे, काडेपेटीपेक्षा लहान, तिच्यात थोडं आम्ल. भट्टीचा विषारी वायू — वास नाही, रंग नाही, नाकाला पत्ता लागत नाही — या बारीक भोकातून आत शिरतो, धातूच्या थरापाशी जळतो — म्हणजे आग नाही हो, तिथं ठिणगी पडली तर सगळंच उडेल — नुसती रासायनिक क्रिया, आणि तिच्यातून कणभर वीज निघते. वायू जास्त, वीज जास्त. ती मोजून हा आकडा दाखवतो. दहा लाख भाग हवेत पस्तीस भाग वायू झाला की बोंबलायला लागतो. खोटं बोलणं याला माहीतच नाही! फक्त आधी सांगावं लागतं, बाबा, ही स्वच्छ हवा, हिला शून्य समज. तेवढं तो आपलं ऐकतो. कुठल्या हवेत सांगितलं, ते विचारत नाही.

कुठल्या? खरं तर बाहेर, गेटापाशी जाऊन सांगायचं. पण तीन जिने, वर पैलवानाची घाई — भट्टीच्या सज्जातच दाबलं बटण. दोन सेकंदांचं काम. सगळेच करतात... म्हणजे मी करतो. पण त्यानं काही होत नाही — थांबा, दाखवतोच. त्या दिवसापासून हात लावला नाही मी याला. या बाटलीत तोच वायू आहे, मोजून शंभर. आत्ता शून्य, बघा. ही नळी लावली. चढतोय... वीस... पस्तीस — वाजला, ऐकलंत? कसा ठणठणीत आहे! अडतीस... चाळीस. चढ ना रे. चढ की! ...चाळीसच.

साठ गिळले यानं, वहिनी. सज्जात साठ होते आणि मी त्याला शून्य म्हणालो. स्वच्छ हवेतही हा शून्यच दाखवतो, त्याच्या खाली जात नाही, मग कळणार कसं? म्हणजे तीस दिसत होते तेव्हा नव्वद... सकाळपासून नव्वद. दुपारी फोन आला होता त्याचा. डोकं ठणकतंय म्हणाला, पाय लटपटतायत, मीटर एकदा बघतोस का? मी विचारलं, आकडा किती? तीस. मग चढ गपचूप शिडीवर, म्हटलं, नाटकं करू नकोस. हसलो मी. तोही हसला.

नाही, हे लिहून नाही देता येणार मला. माझ्याही घरी — नका ना बघू असं. शिव्या द्या मला! ...पिशवी घ्या. जा तुम्ही, वहिनी, जा. आता वाजतोय लेकाचा. आता!