पट्टीवरचे दोन स्टार

(पिंपरी. गुलजारचं गिटारदुरुस्तीचं दुकान. समोर बबनराव आणि त्यांची मुलगी दिव्या.)

बबनराव : ...पोराची ही गिटार घ्याया गिऱ्हाईक आलतं घरी. मागची लोखंडी पट्टी बघून म्हनलं, नंबर नंतर कुनीतरी मारलाय, चोरीची असंल. पोरगा तर गेला. त्यो चोर व्हता का, एवढंच सांगा.

गुलजार : आधी चहा घ्या, काका.

बबनराव : नगं.

दिव्या : दादाला जाऊन महिनाच झालाय, गुलजारभाई. कामावर जाताना, मोशीला ट्रकनं उडवलं. सगळ्यांना सांगायचा, माझी गिटार बासष्ट सालची आहे.

गुलजार : बासष्टची नाही. बासष्टच्या मॉडेलवरून नवी काढलेली. रिइश्यू म्हणतात. थांबा, नेक, म्हणजे हा दांडा खोलतो... हा बघा आतला शिक्का. दोन हजार सोळा. इंडोनेशियाची आहे.

बबनराव : आन् पट्टीवरचा नंबर?

गुलजार : तो फॅक्टरीचा नाही. नंतर कुणीतरी मारलाय.

बबनराव : मग झालंच की. नंबर दुसऱ्यांदा मारला म्हंजी गाडी चोरीची. जल्म गेला माझा कारखान्यात गाड्यांच्या चासी तपासन्यात.

गुलजार : गाडीचा कायदा इथं नका लावू. ही दांड्याची वरची मुंडी बघा, मागून बोट फिरवा. फॅक्टरीचा नंबर जसाच्या तसा आहे. चोरानं आधी हाच घासला असता. आणि या मॉडेलला पट्टी कोरीच येते. जुनी दिसावी म्हणून पोरं करतात असं. चार मित्रांत मिरवायला.

दिव्या : ऐकलंत ना, अण्णा? चोरीची नाही.

बबनराव : ऐकलं.

दिव्या : मग बोला ना काहीतरी.

बबनराव : काय बोलू? बरं वाटाया पायजे, तेबी वाटंना. त्या दिसापास्नं आत काय हालतच न्हाई बघ.

गुलजार : मला एक कळत नाही. नंबराच्या दोन्ही टोकांना हे स्टार कशाला? एवढ्या गिटारी खोलल्या, हे कुठंच पाहिलं नाही.

बबनराव : स्टार? चष्मा दे गं... ह्ये आमच्यात मारत्यात. चासीवर. मागंपुढं कुनी जास्तीचा आकडा घुसवू नये म्हनून.

दिव्या : दादा त्याच लाइनवर होता.

गुलजार : मग त्यानंच मारलाय. हाताची सवय! खोटा नंबर टाकला, आणि त्यात कुणी गडबड करू नये म्हणून वर बंदोबस्तही केला.

दिव्या : दादाच तो. असलं त्यालाच सुचायचं.

गुलजार : पण काम बघा, काका. एक आकडा तिरका नाही. सगळे सारखे खोल. हातोडीनं मारलेत, खरं वाटत नाही.

दिव्या : ट्रेनिंगला होता तेव्हा असल्याच पट्ट्या मारायचा. तपासायला अण्णा. एकही पास केली नाही. मग घरी दोघं ताटावर बसायचे, पण बोलायचे नाहीत.

बबनराव : घाई करायचा त्यो. आकडा कलायचा.

गुलजार : इथं नाही केली घाई.

बबनराव : न्हाई.

गुलजार : माझ्याकडे कोरी पट्टी आहे. बदलून देतो, म्हणजे गिऱ्हाइकाला शंका नको.

दिव्या : अण्णा... ते विचारतायत. किती वेळ बोट फिरवताय त्याच्यावरून?

बबनराव : गिऱ्हाइकाला नगं म्हनून सांग.

गुलजार : आणि पट्टी?

बबनराव : हाय तीच बसवा. पास हाय.