भाविकाचे हात

भिवंडीत अंजूरच्या रिक्षाच्या रांगेत माझ्यापुढे एक बाई उभी होती. लग्नाचे व्हिडिओ करणारा तिच्या ओळखीचा एकजण तिथं आला.

"निशावहिनी, काल नवीन व्हिडिओ पाठवला. सीतामावशींनी बघितला का?"

"बघितला रं प्रितम. आठ दिवसांनी आज सासूबाई पोटभर जेवल्या."

"का? काय झालं होतं?"

"आमच्या नणंदेला, भाविकाला, बोलता येत न्हाय, हातांनीच बोलते. तुझ्या पहिल्या व्हिडिओत सासरी निघताना तिचे हात नुसते थरथरत होते. सासूबाई म्हणाल्या, पोरगी घाबरलेय. तिकडं रेंज कमी, व्हिडिओ कॉल लागत न्हाय. ती मेसेजमध्ये 'बरी हाय' लिहायची, पण सासूबाईंना पटंना."

"अरे देवा! वहिनी, ती चूक माझी. मोबाईलवर सेकंदाला साठ फ्रेम, म्हणजे साठ फोटो, घेतले होते आणि तयार व्हिडिओ काढला पंचवीसवर. मधल्या फ्रेम कशाही गळल्या, म्हणून हात झटके खात होते."

"आणि आता?"

"आता तेवढा तुकडा तीसवर काढला. एकाआड एक फ्रेम गेली, त्यामुळे हालचाल सारखी दिसते."

"तरीच! आता हात किती शांत हायत. बोलणंपण कळलं."

"काय म्हणत होती?"

"'आई, रडू नको. सुकट न्यायला येते मी.' बाई गं, केवढ्या हसल्या सासूबाई! मी निघाले तेव्हा मोबाईल सुकटीच्या डब्याला टेकवून हातांनी तिला उत्तर देत होत्या. मी म्हटलं, आई, व्हिडिओ हाय तो."

"मग?"

"म्हणाल्या, 'माहीत हाय गं मला.'"