चार शून्यांचा पत्ता

मी, केशरबाई पोपट वाहुळे, वय पंच्याहत्तरच्या पुढे, नक्की आकडा आधार कार्डाला ठाऊक, धंदा घरकाम, राहणार कामोठे, अक्षरओळख नाही. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

वरील ठिकाणी मी नात संघप्रिया हिच्यासोबत राहते. ती नेरूळच्या कॉलेजात काँप्युटर शिकते. माझी धाकटी बहीण सखू उरणला अंथरुणाला खिळलेली आहे. फोन उचलणं तिला जमत नाही. म्हणून नातीनं आमच्या स्वयंपाकघरात कॅमेरा लावला आणि जुन्या काँप्युटरवर प्रोग्राम लिहिला. सखूच्या उशाशी ठेवलेल्या मोबाईलवर दिवसभर मी दिसावी, एवढाच उद्देश.

सुरुवातीला सखूला काहीच दिसेना. नातीनं कारण सांगितलं ते असं. सर्व्हर, म्हणजे हाच प्रोग्राम, कान लावून बसतो. कोणत्या पत्त्यावर कान लावायचा ते प्रोग्राममध्ये लिहावं लागतं. तिनं काँप्युटरचा स्वतःचाच पत्ता लिहिला होता, त्यामुळे त्याला घरातल्या घरात मारलेली हाक तेवढी ऐकू येई. चार शून्यं लिहिली की तो कुठूनही आलेल्या हाकेला ओ देतो. फक्त सखूपुरती बंद वाट करायला तिला रविवारपर्यंत वेळ हवा होता. मी म्हटलं, "तुझ्या रविवारपर्यंत सखू टिकली, तर तिला बक्षीस दे." नात हसली. तिनं शून्यं लिहिली, राऊटरमधूनही वाट मोकळी केली. कुलूप रविवारी लावायचं ठरलं. रविवारी तिचा परीक्षेचा अभ्यास निघाला. सखूला मी दिसत होते, म्हणून मीही आठवण केली नाही. चार शून्यांत एवढी माणसं मावतात हे मला माहीत नव्हतं.

तक्रारदार पुतळाबाई शेजारी राहते. रोज दुपारी माझ्याकडे येते. येत होती, असं लिहावं. कॅमेरा तिला माहीत होता. एकटी सखूच बघते, असं मीच तिला सांगितलं होतं. आल्या आल्या ती वर बघून विचारायची, "सखूताई, जेवलीस का गं?" त्या दुपारी ती माझ्यापाशी बसून रडली आणि बोलली. काय बोलली ते मी जबाबात देणार नाही. हवालदार बाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "ज्यांनी पाहिलं त्यांना विचारा. अर्धं कामोठं आहे."

कॅमेऱ्यातलं ते चित्रण कोणी उचललं ते मला माहीत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर आलं. तिच्या मुलानं कामावर पाहिलं. सखूला त्या दुपारी झोप लागली होती. तिनं काही पाहिलं नाही.

पुतळाबाईचं म्हणणं, आम्ही मुद्दाम केलं. मुद्दाम नाही, घाईनं झालं. नातीवर गुन्हा लावायचा असेल तर शून्यं कोणी मागितली तेही लिहावं. मला शून्य काढता येत नाही, पण मागितलं मीच. कॅमेरा आता काढला आहे.

आमच्यात शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पुतळाबाईकडे माझी वाटी होती, तिच्यातून शेंगदाण्याची चटणी दिली होती. तक्रार देण्याआधी तिनं ती घासूनपुसून सुनेच्या हाती पाठवली. आत साखरेचा दाणाही नव्हता. हवालदार बाई म्हणाल्या, याचा गुन्ह्याशी संबंध नाही. तरी लिहून घ्यावं.

वरचं सगळं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्याच तोंडचं आहे, बरोबर आहे. खाली अंगठा देते. पुतळाबाईलाही अक्षर येत नाही. हे तिलाही एकदा वाचून दाखवावं.